तिकिटावरचा चेहरा

आम्ही सटाण्यात उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवतो. एकदा वालिदसाहेबांची जुन्या टपाल तिकिटांची वही वर्गात नेली. १९३५ चे ताजमहालाचे तिकीट पाहून एका मुलीने विचारले, "सर, ताजमहल तो शाहजहाँने बनाया, फिर फोटो इस गोरे का कायको?"

तो गोरा म्हणजे बादशहा पंचम जॉर्ज. त्याच्या राज्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून सात तिकिटे निघाली होती. ताजमहाल, अमृतसरचे सुवर्णमंदिर, रामेश्वरचे मंदिर, सारे काही त्यांत होते. इमारती आमच्या, पण प्रत्येक तिकिटावर चेहरा त्याचा. सर्वांत स्वस्त अर्ध्या आण्याच्या तिकिटावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. तेही याच बादशहाच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेले.

हे एकाएकी घडले नाही. १८५२ मध्ये सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरने काढलेल्या तिकिटावर कोणाचाच चेहरा नव्हता, कंपनीचे व्यापारी चिन्ह होते. १८५४ मध्ये सर्व हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली आणि त्यांवर राणी व्हिक्टोरिया आली. राज्यकारभार तेव्हाही कंपनीचाच होता. राणीचे राज्य १८५८ मध्ये आले, तिचा चेहरा मात्र चार वर्षे आधीच घरोघरी पोहोचला. अक्षरे इंग्रजी. पत्र मराठीत लिहा की उर्दूत, वर मोहोर त्यांची.

१९३७ च्या तिकिटांवर टपाल वाहणारा हरकारा, बैलगाडी, टांगा आणि उंटही आले. पण ओझे वाहणारा माणूस बिननावाचा राहिला. नाव आणि मुकुट बादशहाचा.

याच देशात दुसरी रीतही होती. हैदराबाद संस्थानाच्या १८७१ च्या तिकिटांवर उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार भाषा होत्या. निजामी राजवटीचे दोष आम्ही झाकत नाही. पण मराठी आणि उर्दू एका इवल्याशा कागदावर शेजारी नांदल्या, हेही खरे.

मग १५ ऑगस्ट १९४८ उजाडला. गांधीजींच्या हत्येला साडेसहा महिने झाले होते, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. त्या दिवशी निघालेल्या तिकिटांवर गांधीजींचा चेहरा होता आणि 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूतही छापलेला होता. उर्दूला परकी म्हणणाऱ्यांनी ते तिकीट एकदा पाहावे.

आम्ही वहीचे ते पान त्या मुलीपुढे धरले. तिने 'बापू' दोनदा वाचले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.