लक्ष्मीबाई खापर्डे

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास वाचतांना ॲबिगेल ॲडम्स या बाईची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं. तिचा पति जॉन ॲडम्स १७९७ सालीं त्या राष्ट्राचा दुसरा अध्यक्ष झाला. परंतु त्यापूर्वीं, १७७८ पासून १७८४ पर्यंत बहुतेक काळ, तो राष्ट्रकार्यासाठीं युरोपांत होता, आणि मॅसाचुसेट्समधील शेतवाडी, मुलेंबाळें व देणेंघेणें ती एकटी सांभाळीत होती. हें आज आम्हांस कळतें, कारण उभयतांचीं अकराशेंहून अधिक पत्रें जपून ठेवलेलीं आहेत.

आमच्या वऱ्हाडांतही असें एक घर होतें. अमरावतीचे नामांकित वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे हे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष व लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी. १९०८ च्या जुलैंत लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलांत दाद मागण्यासाठीं दादासाहेब त्याच ऑगस्टांत विलायतेस निघाले, ते परतले १९१० च्या अखेरीस. तेवढा काळ वकिलीची प्राप्ति थांबली. संसार थोडाच थांबतो? तो गाडा मागें राहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं ओढला. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई तर पति मंडालेस असतांनाच १९१२ सालीं वारल्या.

आमच्या राजकीय इतिहासग्रंथांत दादासाहेबांचीं भाषणें सांपडतात. लक्ष्मीबाई सहसा सांपडत नाहींत. त्या भेटतात हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरितां’त. १९११ च्या डिसेंबरांत दादासाहेब शिरडीस जाऊन राहिले; यजमानांहून अधिक, म्हणजे सात महिने, बाई तेथें राहिल्या असें ग्रंथ सांगतो. सत्ताविसाव्या अध्यायांत त्या सांजा, पुऱ्या, भात, वरण व खीर यांचें ताट घेऊन मशिदींत येतात, आणि एरवीं नैवेद्य तसेच ठेवणारे बाबा तत्काळ जेवावयास बसतात. सातव्या अध्यायांत मुलाला ताप भरतो, ग्रंथिज्वराची शंका येते, आणि घाबरलेली आई अमरावतीस परतण्याची आज्ञा मागूं लागते.

यांतील चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडूं. इतिहासाच्या अभ्यासकानें निराळीच गोष्ट टिपावी. ताट कोणीं वाढून आणलें, तापलेल्या मुलाच्या उशाशीं कोण बसलें होतें, हें भक्तकवीला लिहिण्याजोगें वाटलें. राजकारण लिहिणारांस वाटलें नाहीं. त्यांची दृष्टि व्यासपीठावर खिळली होती, आणि तें व्यासपीठ ज्या स्वयंपाकघराच्या आधारावर उभें होतें, तिकडे ती वळलीच नाहीं.

अमरावती-अकोल्याच्या कित्येक जुन्या घरांत माळ्यावर घरखर्चाच्या वह्या आणि पत्रांचीं बासनें अजून पडलेलीं असतील. रद्दींत घालण्यापूर्वीं तीं एकवार सोडून पाहावीं, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे. वऱ्हाडच्या राजकारणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, तें तेथें मांडलेलें सांपडेल.