दोन चाकांचा न्याय: बैलगाडीच्या आसापासून वेल्ड केलेल्या डिफरन्शियलपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर धुळ्याच्या एका तरुणाने विचारलं, "सर, जुनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी शर्यतीसाठी तयार करतोय. डिफरन्शियल वेल्ड करू, की लिमिटेड स्लिप टाकू?" तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे का विचारावं? पण प्रश्न मला आवडला, कारण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. म्हणून आजचा तास त्यावरच.

आधी आपली बैलगाडी बघा. आस स्थिर आणि दोन्ही चाकं त्याच्यावर मोकळी. बांधावरून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, कुणाची तक्रार नाही. सिंधमधल्या जुन्या गाड्यांत मात्र चाकं आसाला घट्ट बसवलेली असत आणि आसच फिरत असे. म्हणजे वेल्ड केलेलं डिफरन्शियल आपण समजतो तसं आजचं खूळ नाही. वेल्डिंगचा शोध लागण्याआधीपासून ते आहे!

रेल्वेतही तेच. भुसावळ यार्डात उभ्या असलेल्या डब्याखाली डोकावा. दोन चाकं एकाच आसावर दाबून बसवलेली असतात, एक फिरलं की दुसरं फिरणारच. मग वळणावर काय? चाकाची कड किंचित शंकूसारखी उतरती असते. वळणावर बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर, आणि हिशेब जुळतो. वळण फार तीव्र असलं की जुळत नाही, मग ती कर्कश किंकाळी ऐकू येते. सुरत-भुसावळ मार्गावर आमचं अमळनेर लागतं. तिथे 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. आत अद्वैताची चर्चा, बाहेर रुळांवर दोन चाकांचं अद्वैत! असो.

खरी अडचण इंजिन आल्यावर झाली. बैल गाडी ओढतो, चाक फिरवत नाही. इंजिनाला चाक फिरवायचं असतं, तेही दोन्ही आणि वेगवेगळ्या गतीने. 1820च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेक्वर या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल बसवलं. 1877मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने ते पायाने चालवायच्या गाड्यांत आणलं. कथा अशी सांगतात की बाप-लेक शेजारी बसून पायडल मारत होते, लेकाचा जोर जास्त, आणि गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. कथा खरी असो नसो, मुद्दा नेमका आहे.

तो मुद्दा असा. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना समान टॉर्क देतं, म्हणजे फिरवण्याचा जोर समान. गती ज्याची त्याची. वेल्ड केलेलं डिफरन्शियल समान गती देतं. जोर ज्याला जितका पेलेल तितका. समता दोन्हीकडे आहे, पण कशाची समता? आम्ही वर्गात हा प्रश्न माणसांबद्दल विचारत आलो. इथे तो लोखंडाने सोडवलाय.

समान जोराचा तोटा जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं कोरड्यावर असून मख्ख उभं राहतं. चिखलातल्या चाकाला जोर पेलत नाही, म्हणून समतेच्या नियमाने कोरड्यालाही तेवढाच मिळतो. मग भाऊ पायाने डिफरन्शियल लॉक दाबतात, ट्रॅक्टर बाहेर येतो, आणि वळायच्या आधी लॉक सोडतात. हे "वळायच्या आधी सोडतात" लक्षात ठेवा. वेल्डला सोडायची सोयच नाही.

शर्यतीत हाच चिखल डांबरावर असतो. 1930च्या दशकात फर्डिनांड पोर्शेने ऑटो युनियनची सोळा सिलिंडरची गाडी बनवली. ताकद इतकी, की वळणातून बाहेर पडताना हलकं झालेलं आतलं चाक नुसतं फिरायचं आणि सगळी ताकद धुरात जायची. म्हणून 1935च्या सुमारास जर्मनीच्या झेडएफ कंपनीकडून आपोआप अडकणारं डिफरन्शियल घेतलं. हीच लिमिटेड स्लिपची सुरुवात. 1956मध्ये अमेरिकेत पॅकार्डने ते रस्त्यावरच्या गाड्यांत दिलं.

आज त्याचे मुख्य दोन प्रकार. एकात क्लचसारख्या प्लेटा असतात. त्या झिजतात, त्यांना वेगळं तेल लागतं, पण पकड किती ठेवायची ते ठरवता येतं. दुसरा तिरक्या दातांच्या गिअरचा, शांत, टिकाऊ. तो कमी पकडीच्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो. पण एक चाक हवेत उचललं गेलं तर? शून्याची कितीही पट शून्यच. तिथे तो हात टेकतो, वेल्ड हात टेकत नाही.

आता त्या तरुणाचा हिशेब करू. मागच्या दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटर धरा. अजिंठा चौफुलीवर काटकोनात वळलात की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त चालायला हवं. वळण लहान घ्या की मोठं, हा फरक तेवढाच राहतो! वेल्ड केल्यावर हे दोन मीटर टायर घासून भरावे लागतात. घासला नाही, तर तो पीळ एक्सलवर जातो. हळू वळताना गाडी सरळच जाऊ पाहते. जोरात अॅक्सिलरेटर दिला की दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि शेपूट बाहेर. बंद मैदानात मुलांना हेच हवं असतं, ते मी समजू शकतो. पण पहिल्या पावसात हायवेवर, मागे भरलेला ट्रक असताना? शिवाय ज्या गाड्यांत चाक एक्सललाच धरून असतं, तिथे एक्सल तुटला की चाकही निघू शकतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी ट्रेलरवर नेऊन फक्त मैदानात किंवा सरळ धावपट्टीवर पळवायची असेल, खिशात पैसे कमी असतील, तर वेल्ड चालेल. जोडीला एक्सलचा सुटा सेट ठेवा. तीच गाडी घरी चालवत न्यायची असेल, तर वेल्ड नको. लिमिटेड स्लिप मिळेपर्यंत साधंच डिफरन्शियल ठेवा आणि पैसे आधी चांगल्या टायरवर घाला. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं, ते आधी वाचा. आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर वेल्डचा विचारच करू नका, स्टिअरिंग हातात राहणार नाही.

नाशिकला बनणाऱ्या थारमध्ये 2015पासून मागच्या एक्सलला आपोआप लॉक होणारं यंत्र आलं. चाक घसरलं की ते अडकतं, वेग वाढला की सोडतं. भाऊ पायाने करतात तेच. पुढच्या वेळी त्या यंत्राची आतली रचना फळ्यावर काढून दाखवीन. आता प्रश्न विचारा.