लोकमत-पाहणीच्या निविदा
लोकमत-पाहणीच्या निविदा : निवडक नमुन्याच्या आधारे नागरिकांची मते अजमावण्याचे काम शासन, महानगरपालिका वा तत्सम सार्वजनिक संस्था ज्या पद्धतीने बाहेरील संस्थांकडे सोपवितात, ती पद्धती. जनमत कौलाहून पाहणी वेगळी होय. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या कौलात प्रत्येक मतदारास मत देता येत होते आणि विलीनीकरणाचा पर्याय १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी फेटाळला गेला. पाहणीत मात्र थोड्यांवरून सर्वांविषयी अनुमान काढावयाचे असते. ते थोडे कोण आणि त्यांना कोणी कसे विचारले, यांवरच तिची विश्वसनीयता अवलंबून असते.

पुणे परिसरातील पाहण्यांची परंपरा निविदांहून जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. हे गाव आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये आणि फेरपाहणीचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहण्या मतांच्या नसून राहणीमानाच्या होत्या. तथापि आखणी, घरोघरची विचारपूस व छाननी या तिन्हींची जबाबदारी एकाच संस्थेवर असल्याने चूक कोठे झाली, हे तिला शोधता येत असे. कंत्राटी पाहणीत नेमका हाच धागा तुटतो.

तो सांधण्याचा एक उपाय प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी फार पूर्वी दाखवून दिला होता. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने घ्यावयाचे, ते दोन वेगळ्या पथकांकडे द्यावयाचे आणि निष्कर्ष ताडून पाहावयाचे, अशी ही रीत. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही तिचा अवलंब झाला. शहरी पाहण्यांच्या निविदांमध्ये अशी अट घालणे अवघड नाही.

केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२०१७) सल्लागारांच्या निवडीसाठी गुणवत्ता व किंमत यांचे एकत्रित गुणांकन, किमान खर्च आणि एकाच संस्थेची थेट निवड असे मार्ग दिले आहेत. पैकी किमान खर्चाचा मार्ग लेखापरीक्षणासारख्या ठराविक, नित्याच्या कामांसाठी होय. पाहणीस तो लावल्यास भरलेल्या प्रश्नावलीमागे दर ठरतो आणि जो सर्वांत कमी दर देतो त्याला काटकसर करण्यास एकच जागा उरते, ती म्हणजे प्रगणकाचा वेळ. बंद दारावर पुन्हा न जाणे, शेजाऱ्याचे उत्तर घेणे, क्वचित घरी बसून प्रश्नावली भरणे हे त्यातूनच उद्भवते.

तळवड्यासारख्या वस्तीत हा दोष विशेष जाणवण्याजोगा आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ च्या हद्दवाढीत महानगरपालिकेत आले. कारखाने व माहिती-तंत्रज्ञान उद्यान यांमुळे येथे पाळीने काम करणारे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे व परप्रांतीय कामगार पुष्कळ आहेत. मतदारयादीवरून नमुना काढल्यास नव्याने आलेले भाडेकरू वगळले जातात. दुपारी फेरी मारल्यास कामावर गेलेले सापडत नाहीत. पाणी, कचरा व रस्ता यांची तक्रार बहुधा त्यांचीच असते. म्हणून घरांची यादी, फेरभेटींची संख्या, संध्याकाळची व सुटीच्या दिवसाची वेळ, मराठी व हिंदी प्रश्नावली आणि प्रगणकाचा किमान मेहनताना यांचा निविदेतच उल्लेख असणे अगत्याचे ठरते.

नमुन्याच्या आकाराविषयी मात्र अवास्तव मोह आढळतो. साध्या यादृच्छिक नमुन्यात ४०० उत्तरांना सु. ५ टक्के, तर १,६०० उत्तरांना सु. २.५ टक्के प्रमाद संभवतो. चौपट खर्चाने तो केवळ निम्मा होतो. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका जमवूनही रूझवेल्ट यांच्या पराभवाचे चुकीचे भाकीत केले. भारतात २०२० मध्ये जीवनसुलभता निर्देशांकासाठी १११ शहरांत घेतलेल्या नागरिक-अभिमत पाहणीत सु. ३२ लाख लोकांनी भाग घेतला व निर्देशांकात तिला ३० टक्के भार होता. संगणकीय दुव्यावरून स्वेच्छेने उत्तर देणारे आणि नमुन्यातून निवडलेले यांतील भेद एवढ्या मोठ्या संख्येनेही पुसला जात नाही. स्वच्छ सर्वेक्षणात पिंपरी-चिंचवड २०१६ मध्ये नववे, तर २०१७ मध्ये बहात्तरावे होते. पण पहिल्या वर्षी स्पर्धेत ७३ शहरे होती व दुसऱ्या वर्षी ४३४. त्यामुळे ही दोन स्थाने शेजारी ठेवून काही निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

आणखी एक अडचण हितसंबंधांची. ज्या खात्याच्या कामाविषयी मत विचारावयाचे, तेच खाते निविदा काढते, प्रश्न ठरविते व देयक मंजूर करते. ‘आपण पाणीपुरवठ्याबाबत किती समाधानी आहात?’ या प्रश्नाऐवजी ‘पाणी किती दिवसांआड व किती तास येते?’ असे विचारल्यास स्तुतीला वाव कमी राहतो. प्रश्नावलीची आखणी एका संस्थेकडे, क्षेत्रकार्य दुसरीकडे आणि सु. दहा टक्के मुलाखतींची फेरतपासणी तिसरीकडे दिल्यास खर्च वाढतो, पण परस्परांवर अंकुश राहतो. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील (२००५) कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावयाची असते. उत्तरदात्यांची नावे व पत्ते वगळून प्रश्नावली, नमुन्याची रीत, नकार देणाऱ्यांची संख्या आणि मूळ तक्ते अहवालासोबत जाहीर करण्याची अट करारात घातल्यास नापसंत अहवाल कपाटात ठेवण्याची सोय खात्यास राहत नाही.