मधल्या मापाचे हवामान

मोसमी पाऊस हजारो किलोमीटर पसरतो. अंगणातली वावटळ चार पावलांत विरते. या दोहोंच्या मध्ये, काही किलोमीटरांपासून काहीशे किलोमीटरांपर्यंत व्यापणारे आणि बहुधा काही तासांत ओसरणारे हवामान असते. वळीव, गारपीट, खारे वारे ही त्याचीच रूपे. आपल्या आज्यांना ती तोंडपाठ होती. शास्त्राने मात्र या मापाला वेगळे नाव दिले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर.

कारण उघड होते. निरीक्षणकेंद्रे दूरदूर असत आणि त्यांच्या नोंदींवरून काढलेल्या नकाशातून लहान वादळे निसटून जात. दुसऱ्या महायुद्धात विमाने हेरण्यासाठी वापरलेल्या रडारवर पावसाचे पुंजके दिसू लागले, तेव्हा ही उणीव भरून निघाली. १९५१ मध्ये मायरन लिग्डा यांनी या मधल्या हवामानासाठी 'मध्य' या अर्थाचा ग्रीक शब्द योजला : मेसो.

तत्पूर्वी १९४६ मध्ये फ्लॉरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली विमाने थेट गडगडाटी ढगांत नेण्यात आली. ढगालाही बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असते, हे त्यातून कळले. नातवंडांना ते असे सांगता येईल : तापलेली हवा वर चढते आणि गार होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. जड झालेले थेंब पडताना हवेलाही खाली ओढतात. काही थेंब वाटेतच सुकतात, त्यामुळे ती हवा आणखी गार व जड होते आणि फरशीवर ओतलेल्या पाण्यासारखी चहूकडे पसरते. वळवाच्या आधी दारे आपटणारा गार झोत तो हाच. ग्वाल्हेरकडे तो धूळ उडवीत आला की आपण त्याला आंधी म्हणतो.

या झोताचे भयंकर रूप ओळखले ते टेत्सुया फुजिता यांनी. १९४७ मध्ये जपानातील एका डोंगरावरील नोंदींतून त्यांनी वादळातील खाली येणारा प्रवाह टिपला होता. पुढे बायर्स यांच्या निमंत्रणावरून ते शिकागोला गेले. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक विमान कोसळले आणि ११३ जणांचा बळी गेला. कारण असा झोत, असे फुजितांनी मांडले तेव्हा अनेकांना ते पटले नाही. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडारने असे झोत प्रत्यक्ष टिपले. पुढे विमानतळांवर इशारा देणाऱ्या यंत्रणा आल्या.

मधले माप किती महत्त्वाचे, हे आपल्याला २६ जुलै २००५ रोजी मुंबईने दाखविले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७४. मुंबईत मुसळधार पाऊस झाला, एवढ्या एका वाक्यात हे दोन आकडे मावत नाहीत.

आपली मुले आज हिंदी, कन्नड, गुजराती वा इंग्रजीतून विज्ञान शिकतात. त्यात गैर काही नाही. पण दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते म्हणून समुद्राकडून येतात ते खारे वारे, आणि रात्री जमीन लवकर निवते म्हणून उलट वाहतात ते मतलई वारे, हे घरातही सांगितले जावे. गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी फिरणारा वारा मुलांना रोज भेटतो. त्याचे नाव आणि कारण दोन्ही त्यांना ठाऊक असले, तर बेळगावच्या वळवापूर्वी गार झोत आला की ती झाडाखाली न थांबता घराकडे धावतील. एवढा लाभ पुरेसा आहे.