डेटाबेस क्लस्टर : अखंड सेवेमागील बहुमताचे गणित

बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी यांचा डेटाबेस एकाच सर्व्हरवर असेल, तर त्या यंत्रातील बिघाडाने संपूर्ण सेवा ठप्प होते. म्हणून अनेक सर्व्हर परस्परांशी जोडून त्यांवर त्याच माहितीच्या प्रती ठेवल्या जातात. अशा समूहास डेटाबेस क्लस्टर म्हणतात.

प्रचलित रचनेत एक सर्व्हर प्रमुख असतो. नव्या नोंदी तोच स्वीकारतो व दुय्यम सर्व्हरकडे पाठवतो. माहिती वाचण्याचे काम दुय्यम सर्व्हरमध्ये विभागल्याने वेग वाढतो. प्रमुख सर्व्हर बंद पडल्यास दुय्यमांपैकी एक त्याची जागा घेतो. प्रत्येक नोंदीसाठी दुय्यम सर्व्हरच्या पोचेची वाट पाहिल्यास माहिती सुरक्षित राहते, पण व्यवहार मंदावतात. वाट न पाहिल्यास वेग मिळतो. मात्र प्रमुख सर्व्हर अचानक कोसळल्यास अखेरच्या काही नोंदी गमावण्याचा धोका असतो.

सर्व्हर सुरू असूनही त्यांच्यातील संपर्क तुटला, तर पेच अधिक गंभीर होतो. दोन्ही बाजू स्वतःला प्रमुख समजून नोंदी घेऊ लागल्यास माहितीच्या दोन विसंगत आवृत्त्या तयार होतात. हे टाळण्यासाठी बहुमताचा नियम असतो: तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन सर्व्हरची संमती असलेली बाजूच प्रमुख निवडते. चार सर्व्हरमध्ये बहुमतासाठी तीन लागतात. म्हणजे तीन सर्व्हरच्या समूहाप्रमाणेच त्यालाही एकाचाच बिघाड सोसता येतो. म्हणूनच विषम संख्या पसंत केली जाते.

तरीही हा नियम सर्व धोके टाळू शकत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी देखभालीच्या कामादरम्यान ‘गिटहब’ या संकेतस्थळाच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा केंद्राचा संपर्क अवघ्या ४३ सेकंदांसाठी तुटला. उर्वरित यंत्रणेने बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील सर्व्हरना प्रमुख ठरवले. परंतु पूर्वेकडील काही ताज्या नोंदी तेथे पोहोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी जमा झाल्या आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. सेवा तत्काळ पूर्ववत करण्यापेक्षा माहितीची अचूकता जपण्यास कंपनीने प्राधान्य दिले व स्वतंत्रपणे जतन केलेल्या प्रतींच्या आधारे डेटाबेस पुन्हा उभा केला.

अशा स्वतंत्र प्रतींना क्लस्टर हा पर्याय ठरत नाही. चुकून पुसलेली नोंद क्लस्टरमधील प्रत्येक सर्व्हरवरून काही क्षणांत पुसली जाते. ती परत मिळते केवळ समूहाबाहेर जपलेल्या जुन्या प्रतीतून.