पोर कॉलेजला निघते तेव्हा

बारावीचा निकाल लागला, की खेड्यापाड्यांतून एकच धांदल उडते. कपड्यांची बॅग भरली जाते, अंथरूण-पांघरूण बांधले जाते, आई लाडू-चिवड्याचे डबे भरते. ही झाली पोराची तयारी. पण आईबापांनी आपली तयारी काय करायची? हा प्रश्न काही आजचा नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हापासून तो आपल्या घरांपुढे उभा आहे.

पहिली गोष्ट पैशाची. गोपाळ कृष्ण गोखले तेरा वर्षांचे असताना, १८७९ साली, वडील वारले. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडले आणि पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्याला कोल्हापुरास जात. १८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला आणि म्हणाला, आता मीही नोकरी करतो. तेव्हा कॉलेजच्या खर्चासाठी वहिनीने आपले दागिने पुढे केले.

तीच गोष्ट सुभेदार रामजी आंबेडकरांची. परळच्या चाळीत एका खोलीचा संसार. भीमरावांना पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत. पेन्शन आली म्हणजे दागिना सोडवून परत देत. पाहा बरे, कागदावर पालक एकटा बाप असे. पण भार उचलायला भाऊ, वहिनी, बहिणी अशी सारी घरची माणसे लागत.

दुसरी गोष्ट राहण्याजेवणाची. पुण्यात गरीब ब्राह्मणाचा मुलगा माधुकरी मागे, नाही तर वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण ज्याला त्या पंगतीत बसूच देत नसत, त्या मुलाने जायचे कुठे? हे जाणूनच राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीला आणले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा! १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघाले, आणि ‘कमवा व शिका’ म्हणत शेतकऱ्याचे पोर घाम गाळून पदवी घेऊ लागले. तालुक्याला खोली करून राहिलेल्या कितीतरी पोरांना पुढे गावच्या एस.टी.ने भाकरीचा डबा येई.

तिसरी गोष्ट मात्र सर्वांत अवघड. गोपाळ गणेश आगरकर टेंभूच्या गरीब घरातले. एम.ए. होणार म्हटल्यावर, आता मुलाला मोठा पगार मिळेल आणि आपले पांग फिटतील, असे आईला वाटले तर त्यात नवल ते काय? पण मुलाने आईला पत्र लिहून कळवले, की पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी लावणार. आणि त्याने तसेच केले. त्या माउलीला ते पत्र वाचताना काय वाटले असेल, याचा आपण विचार करावा.

पैसा उभा करता येतो, वसतिगृह शोधता येते. पण पोर शिकून आपल्या मनासारखेच होईल, ही आशा सोडणे कठीण. म्हणून मंडळी, मुलगा असो वा मुलगी, निघण्यापूर्वी घरची खरी ऐपत त्याला मोकळेपणाने सांगा. राहण्याची जागा आपण स्वतः पाहून या. शिक्षकांनीही शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरून घ्यावेत. आणि दिलेल्या पैशाची उधारी मात्र मनात मांडून ठेवू नका. गोविंदरावांनी आठ रुपये पाठवले, ते पेरले म्हणून. कर्जाऊ दिले म्हणून नव्हे.