बाटलीतली गोगलगाय आणि व्यापाराचा शेजारधर्म

माल पारखून घ्यावा, ही शिकवण आपणांपैकी प्रत्येकाला घरातूनच मिळालेली असते. मडके वाजवून घ्यावे, धान्य मुठीत धरून पाहावे, कापड उजेडात न्यावे. व्यापाराचा जुना कायदाही याच शहाणपणावर उभा होता. माल समोर आहे, विकणारा समोर आहे. मग फसलास तर दोष तुझा! परंतु माल कारखान्यात तयार होऊन, बाटलीत बंद होऊन, शेकडो कोस दूर जाऊ लागला, तेव्हा गिऱ्हाइकाने वाजवून पाहावे तरी काय? या प्रश्नाला कायद्याने जे उत्तर दिले, त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

२६ ऑगस्ट १९२८ रोजी संध्याकाळी स्कॉटलंडमधील पेझली या गावी मे डोनह्यू नावाची बाई एका उपाहारगृहात गेली. बरोबरच्या स्नेह्याने तिच्यासाठी जिंजर बिअरची बाटली मागवली. बाटली गडद रंगाच्या काचेची. आतले काही दिसेना. थोडे पिऊन झाल्यावर उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली व आपण आजारी पडलो, अशी तिची तक्रार होती. पण दाद मागावी कोणाजवळ? पैसे स्नेह्याने दिलेले. तिचा दुकानदाराशी करार नव्हता, कारखानदाराशी तर नव्हताच. आणि करार नाही तेथे जबाबदारी नाही, असाच त्या काळचा सर्वसाधारण नियम होता.

हे प्रकरण लॉर्डांच्या सभेपर्यंत गेले. २६ मे १९३२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी बाईचा दावा कायद्यात बसतो असे ठरले. कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण, असा प्रश्न लॉर्ड ॲटकिन यांनी घातला. माझ्या कृतीची झळ ज्यांना लागेल हे मला आधीच दिसावयास हवे, ते सारे माझे शेजारी, हे त्यांच्या उत्तराचे सार होय. म्हणजे भिंतीला भिंत लागून नसली, तोंडओळखही नसली, तरी शेजारधर्म सुटत नाही! बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही, हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. कारखानदार मध्येच वारला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. गोगलगाय संशयातच राहिली, तत्त्व मात्र टिकले.

तथापि नुकसानभरपाई ही नंतरची गोष्ट. माणूस गेल्यावर भरपाई काय कामाची? १९३७ साली अमेरिकेतील एका औषध कंपनीने सल्फानिलमाइड हे औषध पातळ रूपात विकण्यासाठी ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. रंग पाहिला, चव पाहिली, वास पाहिला. ते विषारी आहे काय, एवढेच पाहिले नाही. कायद्याचे तसे बंधनच नव्हते! शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलेही पुष्कळ होती. कंपनीवर आरोप ठेवता आला तो नावापुरता. ‘एलिक्झर’ म्हटले की त्यात मद्यार्क हवा, तो यात नव्हता. त्याला नुसते ‘द्रावण’ म्हटले असते, तर तोही आरोप टिकला नसता. मालकाने जबाबदारी नाकारली. ते औषध सिद्ध करणाऱ्या रसायनज्ञाने मात्र आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, नवे औषध निर्धोक असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी द्यावा, असा कायदा तेथे झाला.

हे सारे परदेशातले, असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० पासून आहे. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरिनमध्ये हेच विष निघाले व चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी व तपासणी यांतली अनास्था उघडी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून हेच विष लहान मुलांच्या पोटात गेले. त्यांतली काही मुले उपचारासाठी नागपुरास आणली होती. कायदा कागदावर असणे आणि बाटली तपासली जाणे, यांत एवढे अंतर पडते!

महाराष्ट्राने या बाबतीत काही चांगलेही केले आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली. १९८६ च्या डिसेंबरात देशाचा ग्राहक संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यात सदोष मालाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. करणारा तर बांधलेला आहेच. पण मालात फेरफार करणारा, स्वतःची हमी देणारा, किंवा ज्याच्या मालाचा कर्ता कोण हेच कळत नाही असा विकणाराही त्यातून सुटत नाही. उलट, गिऱ्हाइकाने वस्तू भलत्याच रीतीने वापरली, तर तो दोष विक्रेत्यावर येत नाही. न्यायाचा काटा दोन्ही बाजूंनी धरलेला आहे.

पण कायदा आपण होऊन कोणाच्या दारी येत नाही. पावती मागून घेणे, बाटलीवरचा गट क्रमांक व मुदत वाचणे, दोष दिसला तर लेखी तक्रार करणे, ही कामे आपली आहेत. आपली तक्रार ज्या बाटलीला अडवील, ती उद्या दुसऱ्या कोणाच्या मुलासाठी उघडली जाणार होती. व्यापाऱ्याने शेजारधर्म पाळावा असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला आपला वाटा एवढा तरी आहेच, असे आम्हांस वाटते.